बऱ्हाणपूरचे परदे

लग्न झालेल्या, शाळेत ड्रॉइंग शिकवून पोट भरणाऱ्या माणसानं एक दिवस उठून म्हणावं की मी आता मुंबईला जाऊन नाटकाचे देखावे करायला शिकणार, तर लोक त्याला काय म्हणतील? मला म्हणाले. तोंडावर म्हणाले, पाठीमागे म्हणाले, मंडईत वांगी निवडताना म्हणाले. आमच्या हेडमास्तरांनी तर चष्मा कपाळावर चढवून विचारलं, "म्हणजे नाटकवाल्यांचे पडदे ओढायला?" मी म्हटलं, ओढायला नाही, रंगवायला. आणि नुसते रंगवायलाही नाही, उभे करायला. त्यांना फरक कळला नाही आणि मला तो समजावता आला नाही, कारण तोवर माझं डोकं तापलं होतं. माझं हे जन्माचंच आहे. समोरच्याला कळत नाही असं दिसलं की मला शब्द सापडत नाहीत, राग तेवढा सापडतो.

हेडमास्तरांना जो फरक सांगता आला नाही तो इथं सांगतो. आमच्या बऱ्हाणपूरची हौशी मंडळी गणपतीत नाटक करायची. रंगमंचावर राजवाडा, जंगल, रस्ता असं जे काही दाखवायचं त्याला आम्ही देखावा म्हणायचो, आणि तो सगळा कापडावर रंगवलेला असे. मिसरूड फुटायच्या आधीपासून हे काम माझ्याकडे होतं. लंका असो, हस्तिनापूर असो, किल्ला मी असीरगडाचाच काढायचो, कारण दुसरा किल्ला मी पाहिलेलाच नव्हता. प्रेक्षकांनाही असीरगड ओळखू आला की बरं वाटायचं. टाळ्या पडायच्या. मी खूश होतो.

मग एका वर्षी आमचा राजा पडला. राजाचं काम करणारा गृहस्थ एका कापडाच्या पेढीवर मुनीम होता, अंगानं भारी, आवाजानं त्याहून भारी, आणि दर वर्षी पाठ केलेलं ओकून मोकळा होणारा. त्या वर्षी मात्र त्याचा स्वतःचा धाकटा मुलगा पावसाळ्यात तापानं गेला होता. नाटकात राजाला राजपुत्र गेल्याची खबर येते. खबर आली आणि हा माणूस खरंच हलला. भाषण अर्ध्यावर थांबलं, तो मागे सरकत गेला आणि हात लांब करून त्यानं खांबाला टेकायला घेतलं. खांब कापडावर होता. पडदा फाटला, बांबू सुटला, राजा पडद्यात गुंडाळून पलीकडे गेला आणि सगळा मंडप पोट धरून हसायला लागला. बायका हसल्या, पोरं हसली, आत तोंड रंगवून उभी असलेली राणीसुद्धा हसली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माणूस खरंच दुःखात असला की टेकायला काहीतरी शोधतो, आणि मी त्याला टेकायला काहीच दिलं नव्हतं. रंग दिला होता. त्या दिवसापासून मला उभा खांब पाहिजे होता, चढता येईल अशी पायरी पाहिजे होती, आणि ते सगळं खोटं असूनही माणसाचं वजन पेलेल असं पाहिजे होतं.

बांबू, तरट आणि रद्दीचा लगदा लावून मी पुढच्या वर्षी खांब केला. उभा राहिला. पण गॅसबत्ती लावली आणि खांबाची सावली थेट मागच्या रंगवलेल्या आभाळावर पडली. राजवाड्यात आभाळाला सावली. खांब पुढे आणला तर नट झाकले जायचे, मागे नेला तर सावली वाढायची, बत्ती हलवली तर सगळ्यांची तोंडं काळी. कुणाला विचारायचं? गावात येणाऱ्या नाटक कंपनीच्या लोकांना विचारलं तर ते सुपारी चघळत हसायचे. त्यांच्या पोटापाण्याची गोष्ट, ते कशाला सांगतील. तेव्हा मला कळून चुकलं की हे कुठंतरी जाऊन शिकलं पाहिजे, नाहीतर मी म्हातारा होईपर्यंत आभाळावर सावल्याच पाडत बसेन.

कुठं जायचं याचा शोध मी दोन पावसाळे केला. इंदूर जवळचं, पण तिथं संस्थानी कारभार, आणि ज्यांना मी विचारलं ते म्हणाले की तिथं माणसांची चित्रं शिक, सरदारांच्या मिशा काढ. मला मिशा काढायच्या नव्हत्या. नागपुरात ओळखीच्या एकानं चौकशी केली आणि कळवलं की असलं काही इथं नाही. मग मुंबईच्या सरकारी चित्रविद्यालयाची बातमी आली. तिथं सजावटीच्या शाखेत नाट्यसजावटीचा वर्ग निघाला होता. लाकडाचे छोटे नमुने करायचे, प्रकाश कुठून पाडायचा हे शिकायचं, मोजमापानं रंगमंच बांधायचा. ती माहिती मी तीनतीनदा वाचली. कुणीतरी माझ्या डोक्यातलं चोरून छापलंय असं वाटलं.

पण दोन खोडे होते. पंचविशी उलटलेल्याला प्रवेश नाही, हा पहिला. पुढच्या उन्हाळ्यात माझी उलटणार होती, म्हणजे गेलो तर याच वर्षी, नाहीतर कधीच नाही. दुसरा खोडा असा की आम्ही पडलो मध्यप्रांतातले. मुंबई इलाख्याबाहेरच्या उमेदवाराला त्याच्या प्रांताच्या सरकारनं नेमून पाठवलं तरच जागा. रेल्वेनं पाहाल तर बऱ्हाणपूर सुटलं की लगेच रावेर, आणि रावेर मुंबई इलाख्यात. माझी बायको रावेरकडची. तिच्या माहेरची म्हैससुद्धा मुंबई सरकारची आणि मी परका. हे मी तिला चिडून सांगितलं तर ती म्हणाली, "मंग म्हशीले पाठवा."

घरात आम्ही दोघंच होतो. बायको केळी-कापसाच्या घरातली, चौथीपर्यंत शिकलेली, बोलणं सगळं माहेरचं. पडद्याच्या कापडाला रंगाआधी खळ द्यावी लागते, ती तांदळाची खळ तिनंच शिजवावी. माझ्या खळीला गुठळ्या व्हायच्या. अर्ज करू की नको या घोळात मी कितीतरी दिवस होतो, नोकरी सुटेल, ही कुठं राहील, लोक काय म्हणतील. एका दुपारी खळ ढवळता ढवळता ती म्हणाली, "तुमी जा. मी माहेरी राहीन, केळीले पाणी धरीन. माझा बाप मले उपाशी नही ठेवत. पन तुमी गेले नही नं, तर जन्मभर माझ्यावर चिडसान." बरोबर बोलली. मी दुसऱ्या दिवशी अर्ज केला.

नेमणुकीचं काम आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी, खंडव्याला होतं. कला आणि हुन्नर यांची साऱ्या प्रांताची एकच समिती. चित्रकला, विणकाम, कातडी कमावणं, सुतारकाम, सगळ्या वर्गांना पाठवायची पोरं तीच निवडायची. अर्जात कुठल्या वर्गाला जायचं ते लिहायचं आणि मग समोर बोलावलं की जायचं. मी स्वच्छ अक्षरात मुंबई, नाट्यसजावट, असं लिहिलं आणि वाट बघत बसलो.  वर्गात मी मुलांना फुलदाणी काढायला सांगायचो आणि खिडकीतून टपालवाल्याचा रस्ता बघत उभा राहायचो. जेवण जात नव्हतं. बायकोवर विनाकारण खेकसायचो. माझं वय कुणीतरी रोज थोडं थोडं कापून नेतंय असं वाटायचं. या वर्षी नाही तर संपलं, हे वाक्य डोक्यात सारखं, आंघोळ करतानासुद्धा.

बोलावणं आलं. मी लाकडाच्या खोक्यात राजवाड्याचा छोटा नमुना केला होता, खांब, पायऱ्या, दरवाजा सगळं. तो मांडीवर घेऊन मी गाडीनं खंडव्याला गेलो. कचेरीच्या व्हरांड्यात चपराशानं खोकं बाहेरच ठेवायला लावलं. म्हणाला, सामान आत न्यायचा हुकूम नाही. वाद घालायची ती वेळ नव्हती. मी खोकं बाकाखाली सरकवलं आणि आत गेलो.

टेबलापलीकडे चारपाच गृहस्थ, सगळे हिंदी बोलणारे. मधोमध अध्यक्ष, पांढऱ्या मिशांचे, चेहऱ्यानं प्रेमळ, त्यांना सगळे नुसतं साहेब म्हणत होते. समोर माझा अर्ज होता, पण तो त्यांनी पालथा घातला. म्हणाले, "काग़ज़ बाद में। पहले आदमी से बात करेंगे। बताओ, क्या काम जानते हो?"

मी म्हटलं, "साहब, मैं देखावे करता हूँ।"

 साहेबांनी पुन्हा विचारलं, "दिखावे करते हो?"

"जी। बचपन से।"

आणि सगळे हसले. माझा अर्ज आधीच चाळलेला एकजण म्हणाला, "और अब बंबई जाकर सीखोगे? वहाँ तो एक से एक उस्ताद बैठे हैं।" मग तर चपराशीही दारात तोंडावर उपरणं धरून हसायला लागला.

मला काही उमगेना. आमच्या गावात टांगेवाल्याशी, बोहरी दुकानदाराशी, मोमीन विणकराशी मी दिवसभर हिंदीच बोलायचो. पण ती बऱ्हाणपूरची हिंदी. तिच्यात अर्धे शब्द मराठीचे घालतो हे आम्हाला माहीत नसतं, कारण ऐकणाराही तसाच बोलतो. 'देखावा' हा शब्द हिंदीत गेला की त्याचं ढोंग होतं, हे मला त्या खोलीत उभं राहून कळलं. मी सरकारदरबारी जाऊन सांगितलं होतं की मी लहानपणापासून ढोंग करतो आणि आता मुंबईला जाऊन ते नीट शिकायचा विचार आहे.

तळपायाची आग मस्तकात गेली. "हँसने की क्या बात है?" मी म्हणालो, आणि चांगलंच जोरात म्हणालो. हसणं थांबलं. झालं, गेली नेमणूक, असं मला वाटलं.  पण साहेबांनी बाकीच्यांना हातानं गप्प केलं आणि मलाच समजावलं, "नाराज़ मत होओ, बेटा। सीधे शब्दों में बोलो। बनाते क्या हो?"

ज्याचा दुसरा काही अर्थच होणार नाही असा एक शब्द मला हवा होता. मी तो शोधला. "साहब, परदे।"

साहेबांचा चेहरा उजळला. "बुरहानपुर के परदे। अरे, यह पहले बताना था।" ते खुर्चीत पुढे सरकले. "कितने चौड़े बनाते हो?"

"बीस हाथ तक, साहब। पाट जोड़ने पड़ते हैं।"

"जोड़ दिखता है?"

"मेरे काम में नहीं दिखता।"

त्यांनी डावीउजवीकडे बघून मान डोलावली. "सूत?"

"मोटा। महीन सूत पर रंग ठीक नहीं बैठता।"

"और माँड़ किसका देते हो?"

माझा जीव भांड्यात पडला. खळीपर्यंत विचारणारा माणूस म्हणजे याला पडद्यातलं आतबाहेर ठाऊक आहे. मी सांगितलं की तांदळाची, आणि ती माझी बायको शिजवते. "देखा?" साहेब बाकीच्यांना म्हणाले, "इस काम में पूरा घर लगता है।" मग रंगाचं विचारलं. मी म्हटलं, सरसात घोटून देतो. यावर ते जरा थबकले, "सरेस में?" म्हणाले, आणि त्यांनी ते टिपून घेतलं. "यह नई बात है।"

"सीखना क्या चाहते हो?" त्यांनी शेवटी विचारलं.

याचं उत्तर मी दोन वर्षं घोकत होतो. "साहब, परदा सपाट रह जाता है। मुझे उसमें गहराई चाहिए।"

"गहराई," साहेब म्हणाले, आणि डोळे मिटून त्यांनी तो शब्द पुन्हा एकदा म्हटला. "बस। समझ गया।"

मी म्हणालो की नमुना आणलाय, बाहेर ठेवलाय, आत आणू का. ते हसले. "बुरहानपुर का माल मुझे दिखाओगे? मेरी बैठक में टँगा है।" इथं माझ्या मनात पाल चुकचुकली. बैठकीत नाटकाचा पडदा कशाला टांगतील? पण लगेच वाटलं, मोठी माणसं, बैठकीत नाटकं करवत असतील. इतक्या आनंदात असताना शंका कोण धरून ठेवतो. मी वाकून नमस्कार केला आणि खोकं उचलून स्टेशनवर आलो.

आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी माझं म्हणणं कळलं होतं. तेही परक्या भाषेत, परक्या गावात, सरकारी खोलीत. गाडीत मी खिडकीशी बसलो होतो आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, कोळशाचा कण गेला असं शेजाऱ्याला सांगितलं. घरी आल्यावर बायकोला सगळं बोलणं जसंच्या तसं करून दाखवलं. साहेबांनी डोळे कसे मिटले ते दाखवलं. ती म्हणाली, "खळीचंबी विचारलं? मंग मानूस पक्का जाननारा हाये." तिनं त्या दिवशी पुरणाची पोळी केली, सण नसताना.

आठवड्याभरात खंडव्याहून आलेल्या एका माणसाकडून निरोप मिळाला की बऱ्हाणपूरच्या मास्तराचं नाव पक्कं झालंय, फक्त कागद यायचा आहे. मी कागदाची वाट बघितली नाही. सरळ हेडमास्तरांच्या खोलीत गेलो आणि राजीनामा टेबलावर ठेवला. ठेवून निघालो असतो तर ठीक होतं. पण पडदे ओढायला जाणार का असं विचारलेलं मी विसरलो नव्हतो. मी त्यांना म्हटलं, जी माणसं आयुष्यभर फुलदाणीच काढायला लावतात त्यांना पडदा वर गेल्यावर काय दिसतं ते कसं कळणार. आणखीही बरंच म्हटलं. बाहेर दोन मास्तर कान देऊन उभे होते, त्यांनाही थोडं म्हटलं. माझ्या जागी हेडमास्तरांचा भाचा चारच दिवसांत आला.

मग कागद आला. वरती माझं नाव, खाली जागा नागपूर. मी आधी हसलो. दुसऱ्या कुणाचा कागद चुकून माझ्या नावावर आला असेल असं वाटलं. पुन्हा वाचला. हातमाग शिक्षणाचा वर्ग, नागपूर. विषय, पडद्याचं रंगीत कापड विणणं. शेरा असा की उमेदवार बऱ्हाणपूरच्या पडदे विणणाऱ्या घराण्यातला असून हाताशी पुरेसा अनुभव आहे.

कागद घेऊन मी उंबऱ्यावर बसलो. साहेबांचा एकेक प्रश्न परत कानात यायला लागला. चौड़ाई. जोड़. सूत. माँड़. बऱ्हाणपूरचा माणूस आणि परदे म्हटल्यावर कुठलाही शहाणा मनुष्य दुसरं काय समजेल? सगळ्या मुलखात आमचं गाव हातमागासाठी प्रसिद्ध. ज्याचा दुसरा अर्थ होणार नाही म्हणून मी शोधून काढलेला शब्द, त्याचा बऱ्हाणपूरच्या माणसाच्या तोंडी एकच अर्थ होता, आणि तो माझा नव्हता. मी तर कधी मागाच्या खड्ड्यात पायसुद्धा सोडला नव्हता.

बायकोनं विचारलं काय झालं. मी सांगितलं. तिला वाटलं मी थट्टा करतोय. मग माझं तोंड बघून तिला कळलं. "जा," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता खंडव्याले जा. साहेबाले सांगा, चुकलं म्हना, दुरुस्त करा. त्याले खळ कळते, हेबी कळीन." मला तेवढ्यानं धीर आला. खरंच, इतका प्रेमळ माणूस, चूक सांगितली तर लगेच सुधारेल. वेळ अजून होती. मुंबईचे वर्ग सुरू व्हायचे होते, आणि माझी पंचविशीही अजून उलटली नव्हती.

खंडव्याला कचेरीत कारकून भेटला. त्याला म्हटलं, यादीत चूक आहे, मला मुंबईच्या वर्गाला जायचंय. त्यानं सांगितलं की मुंबईला एकच जागा होती, ती हरद्याच्या एका मुलाला गेली, आणि तो मुलगा गेलासुद्धा. "अब तो साहब ही कुछ करें तो करें," तो म्हणाला आणि त्यानं मला बंगल्याचा रस्ता दाखवला. रस्ताभर मी वाक्यं जुळवत गेलो. साहब, मैं बुनकर नहीं हूँ. साहब, मेरे परदे नाटक के हैं. साहब, अगले साल मेरी उम्र निकल जाएगी. हरद्याच्या मुलाला परत बोलवा, नाहीतर आणखी एक जागा मागा, तार करा, काहीही करा, पण मला तिथं पाठवा. हात जोडायची, पाया पडायचीसुद्धा माझी तयारी होती. ते ऐकलंच नाही तर भांडायचीही होती.

साहेब बैठकीत बसले होते. मला बघताच उठले. मी उभा राहिलो तर मला हाताला धरून बसवलं आणि आतल्या बाजूला हाक मारली, "सुनती हो, वही बुरहानपुर का लड़का आया है।" दारांना, खिडक्यांना आमच्या गावचं कापड टांगलेलं होतं, जाड, चौकटीचं, गडद तांबडं. साहेबांनी एक पडदा उचलून माझ्या हातात दिला. "छूकर देखो। मेरे पिताजी के वक़्त का है। इससे अच्छा बनाओगे न?"

मी पडदा हातात धरून राहिलो.

ते बोलत होते. म्हणाले, तुझ्या अर्जात तर मुंबई असं काहीबाही लिहिलं होतं, नाटक का तमाशा. बाकीचे म्हणाले जे लिहिलंय ते देऊ. मी म्हटलं, नाही. "मैंने कहा, लड़का अपनी क़ीमत नहीं जानता। ख़ानदानी हुनर छोड़कर बंबई में भटकेगा।" नागपूरच्या त्या जागेसाठी वर्ध्याचा एकजण जवळजवळ ठरला होता. साहेबांनी माझ्यासाठी भांडून तो बदलला. बऱ्हाणपूरच्या माणसाला विणकामाची जागा याआधी कधीच मिळाली नव्हती, याची त्यांना किती वर्षं खंत होती, तेही सांगितलं. आतून त्यांच्या पत्नीनं माझ्यासाठी सरबत पाठवलं. साहेब माझ्याकडे असे बघत होते की माझे वडील असते तर तेही तसेच बघते.

"बोलो बेटा," ते म्हणाले. "कैसे आना हुआ?"

माझ्या अंगावर कुणी खेकसलं असतं तर मी खेकसलो असतो. कागद तोंडावर फेकला असता, अपमान केला असता, तर मी ते घर डोक्यावर घेतलं असतं. ते मला येतं. पण त्या म्हाताऱ्यानं माझ्यावर माया केली होती आणि ती माझ्या मानगुटीवर बसली. हरद्याचा मुलगा गेला होता, वर्ध्याचा माझ्यामुळं घरी बसला होता, शाळेत माझ्या खुर्चीवर भाचा बसला होता. तोंड उघडलं तर या माणसाचा चेहरा पडणार, हे मला दिसत होतं. तोंड नाही उघडलं तर माझं सगळं संपणार, हेही दिसत होतं. जुळवलेली सगळी वाक्यं पाठ होती.

"साहब," मी म्हटलं, "शुक्रिया अदा करने आया था।"

त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मी सरबत प्यालो.

आमचं बऱ्हाणपूरचं स्टेशन गावाबाहेर लालबागला, तिथं उतरून टांगा न करता मी पायी घरी आलो. चालताना वाटत होतं, परत फिरावं, अजून गाडी असेल, जाऊन सांगावं. प्रत्येक वळणावर तसं वाटलं आणि प्रत्येक वळण मागे गेलं. असं हताश मी त्याआधी कधी झालो नव्हतो आणि नंतरही नाही. बायको दारात उभी होती. तिच्या हाताला पीठ होतं.

"मंग? झालं दुरुस्त?"

मी म्हटलं, "साहेब फार खूश आहेत माझ्यावर."

तिनं माझ्याकडे नीट बघितलं. "तुमी सांगलंच नही त्याइले."

मी चपला काढत होतो. चपला काढायला मला बराच वेळ लागला.

"साऱ्या गावाशी भांडता," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "हेडमास्तराशी भांडले. भाजीवालीशी भांडता. माझ्याशी तं रोजच. एका मानसाशी भांडायचं व्हतं तुमाले."

मग ती आत गेली, हात धुऊन बाहेर आली आणि नागपूरची गाडी कधी असते ते विचारलं.